आरोपी क्रमांक तीन

दिल्लीत मी वन्यजीव निरीक्षक होतो असं सांगितलं की लोक पहिल्यांदा विचारतात, वाघ पाहिलेत का. पाहिले. सूटकेसमध्ये घडी घालून ठेवलेले पाहिले. माझ्या नोकरीतला बहुतेक काळ मेलेल्या नाहीतर पिंजऱ्यातल्या जनावरांच्या सोबतीत गेला. विमानतळावर खोक्यांत कोंबलेली कासवं, जुन्या दिल्लीच्या बाजारात टोपलीखाली दडवलेले तितर, मुंगसाच्या केसांचे कुंचले. जंगल असं मी फारसं पाहिलंच नाही. ते वडिलांनी पाहिलं. ते वनरक्षक होते, विदर्भात. सशासाठी फासे लावणाऱ्या माणसाला दोन शिव्या घालून ते सोडून देत. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. मी ठरवलं होतं की आपण नोकरी करू तेव्हा असं करायचं नाही.

आर. के. पुरममध्ये आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. बायको एका शाळेत शिकवायची, मुलगी दुसरीत होती. तिला हिरण कळायचं, हरीण म्हटलं की ती आईकडे बघायची. मराठी माणसं भेटायची ती गणपतीच्या मंडळात. तिथेच मला माझा मित्र भेटला. मूळचा पुण्याचा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, बोलायला मोकळा. देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि बाहेरच्या कंपन्या दिल्लीभोवती जागा शोधत होत्या. तशा एका कंपनीत तो मोठ्या पगारावर आला होता आणि गुडगावला राहत होता. तेव्हाचं गुडगाव म्हणजे रुंद रिकामे रस्ते, मधेच एखादी काचेची इमारत आणि तिच्या भिंतीला लागून मोहरीचं शेत. भाजी आणायला त्याच्या बायकोला चार मैल जावं लागे. म्हणून रविवारी दोघं आमच्याकडे येत. माझी बायको थालीपीठं लावायची, आणि तो ओट्याजवळ उभा राहूनच खायचा.

एका जानेवारीत तो रविवारी दुपारी एकटाच आला. बुटांना चिखल होता. तोंड धुवायला म्हणून मोरीत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. बाहेर आल्यावर खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तुला काहीतरी सांगायचंय. वहिनी असल्या तरी चालेल."

त्याच्या डायरेक्टरचं अरवलीच्या पायथ्याशी फार्महाऊस होतं. त्या दिवशी पहाटे डायरेक्टरने ऑफिसातल्या चार-पाच जणांना तिथे नेलं होतं. सहल म्हणून. बरोबर त्याचा मेहुणा होता. तो बिल्डर होता आणि त्याच्याकडे रायफल होती. फार्महाऊसवर एक म्हातारा चौकीदार होता, जवळच्याच गावचा, आयुष्यभर त्या टेकड्यांत शेळ्या चारलेला. चिंकारा पाणी प्यायला कुठल्या घळीत उतरतात ते त्याला माहीत होतं. त्याला पुढे घालून जीप टेकडीवर नेली. म्हाताऱ्याने वरच्या बाजूने हाका घातला, खाली मेहुणा बसला होता. एक मादी पडली.

"विहिरीपाशी सोलली तिला," मित्र म्हणाला. "पोटात पिल्लू होतं. मी ओकलो रे. सगळे हसले. डायरेक्टर म्हणाला, पूनावाले दाल-चावल के लोग हैं. तो म्हाताराच तेवढा पाणी घेऊन आला. लोटा माझ्या तोंडाला लावला आणि पाठीवरून हात फिरवत राहिला."

माझ्या बायकोने चहा ठेवला होता, तो तिने बंद केला.

"तू काहीतरी कर," तो मला म्हणाला. "तुझी नोकरीच ही आहे ना?"

"मला साक्षीदार लागेल. बाकीचे बोलणार नाहीत."

"मी देईन साक्ष."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. चार कंपन्या बोलावतायत मला. हे असं बघून गप्प बसायचं म्हणजे मग कशाला शिकलो आपण?"

बायकोने त्याला विचारलं, "घरी विचारलंत का?" मला तिचा प्रश्न आवडला नाही. तिला गप्प बसण्याची खूण केली, तेही आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या वरिष्ठांना सांगितलं. ते पंजाबी गृहस्थ होते, निवृत्तीला चार वर्षं उरलेली, कशानेही न हलणारे. पण चिंकारा हे कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं जनावर, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं. त्यांना हलावं लागलं. दुपारी दोनच्या सुमारास आम्ही राज्याच्या वनखात्याची दोन माणसं आणि पोलीस घेऊन फार्महाऊसवर पोचलो. कापलेलं गवत, छत्र्या, पांढऱ्या खुर्च्या. मालक नव्हता. स्वयंपाकघरात डीप फ्रीझर होता आणि त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली मांसाची पुडकी. कातडं चौकीदाराच्या खोलीच्या छपरावर मीठ लावून वाळत घातलं होतं. त्याला ते मेहुण्याने तसं करायला सांगितलं होतं, कमावून गाडीत घालायला हवं होतं म्हणून.

म्हातारा खोलीसमोर खाटेवर बसला होता. आम्हाला बघून उठला, पण पळाला नाही. पासष्टच्या पुढचा असावा. पांढरा साफा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. वरिष्ठांनी त्याचा जबाब घेतला. आमच्या कायद्यात तशा हुद्द्याच्या अधिकाऱ्याने घेतलेला जबाब कोर्टात चालतो. मी लिहून घेत होतो. पहिल्याच प्रश्नाला तो थांबला आणि वरिष्ठांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "साहब, सच बोल दूँ तो मेरे को कुछ होगा तो नहीं?"

मी म्हणालो, "सच बोलने वाले को कुछ नहीं होता."

हे मी म्हणालो. वरिष्ठ नाही, पोलीस नाही. मला कुणी म्हणायला सांगितलंही नव्हतं.

मग त्याने सगळं सांगितलं. इतका नीट जबाब मला पुन्हा कधी मिळाला नाही. घळ कोणती, वारा कुठून होता, जीपमध्ये कोण कुठे बसलं होतं, मेहुण्याने किती गोळ्या झाडल्या, पाय कुणी धरले, सुरी कुणाची. "एक साहबजी को उल्टी हो गई थी," हेही सांगितलं. मी ते लिहिलं. मित्राच्या साक्षीला यातून पाठिंबा मिळेल म्हणून आनंदाने लिहिलं. म्हाताऱ्याने खाली अंगठा दिला आणि हात साफ्याला पुसला.

मित्राचा सही केलेला जबाबही घेतला, आणि ऑफिसात तक्रार तयार करायला बसलो तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "बूढ़े को गवाह बना लो."

मी वाद घातला. हाका त्याने घातला, कातडं त्याने सोललं, ते सापडलं त्याच्या छपरावर. कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे नुसती गोळी घालणं नव्हे, जनावराला हाकून पुढे आणणं ही पण शिकारच. त्याला सोडला तर उद्या त्यांचा वकील विचारेल की ज्याच्या छपरावर कातडं तो मोकळा कसा. मी कलमं म्हणून दाखवली. ती मला पाठ होती. वरिष्ठांनी खांदे उडवले. "जैसी तुम्हारी मर्ज़ी. केस तुम्हारा है."

मी लिहिलं: आरोपी क्रमांक एक, डायरेक्टर. क्रमांक दोन, मेहुणा. क्रमांक तीन, चौकीदार. लिहिताना मला काही वाटलं नाही असं नाही. मला बरं वाटलं. कायदा सगळ्यांना सारखा लावतोय असं वाटलं.

पहिल्या दोघांना दोन दिवसांत जामीन मिळाला. म्हाताऱ्याला मिळायला महिना लागला, कारण त्याच्यासाठी कागदपत्र घेऊन उभं राहणारं कुणी नव्हतं. त्याची बायको आमच्या ऑफिसच्या जिन्यावर येऊन बसे. घुंगट खालपर्यंत ओढलेला, काही बोलत नसे. शिपायाने उठवलं की खालच्या पायरीवर जाऊन बसे. मी एकदा तिला सांगितलं की आता हे कोर्टाच्या हातात आहे, इथे येऊन उपयोग नाही. ती म्हणाली, "उसने तो सब बता दिया था." मी म्हणालो, हो, बता दिया था. आणि जिना चढून वर गेलो.

शेवटी गावचा सरपंच त्याला जामीन राहिला. चौकीदाराची नोकरी अर्थातच गेली होती.

त्यानंतर पाच-सहा वर्षं तारखा. दर दोन-तीन महिन्यांनी मी बसने गुडगावच्या कोर्टात जात असे आणि दर खेपेला रस्ता वेगळा दिसत असे. मोहरीची शेतं पत्र्याच्या कुंपणाआड गेली, मग पत्रे निघून इमारती दिसू लागल्या, त्यांना परदेशातल्या गावांची नावं. म्हातारा प्रत्येक तारखेला हजर असे. पहिल्या दोघांच्या वतीने वकील अर्ज देत: आजारी आहेत, परदेशी आहेत. म्हातारा मात्र पहाटे गावातून निघून सगळ्यांच्या आधी व्हरांड्यात बसलेला असे. मला बघितलं की उठून हात जोडी. सुरुवातीला मी थांबून दोन शब्द बोलायचो. पुढे पुढे त्याला चुकवून दुसऱ्या दाराने आत जायला लागलो.

मित्राने ती कंपनी सोडली होती. आधी म्हणाला होता तशी दुसरी लगेच मिळाली. पहिली दोन वर्षं तो केसची चौकशी करायचा, मग करेनासा झाला. रविवारी येणंही कमी झालं; गुडगावात आता सगळं मिळू लागलं होतं. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून माझी बायको घरी आली आणि पदर सोडवता सोडवता म्हणाली, "त्यांनी फ्लॅट घेतलाय. मोठा आहे. आणि ते परत जुन्या ठिकाणी लागलेत, वरच्या जागेवर."

"जुन्या म्हणजे?"

"त्याच डायरेक्टरकडे. फ्लॅटही त्या मेहुण्याच्याच इमारतीत. त्यांच्या बायकोने सहज सांगितलं. तुला माहीत असेल असं तिला वाटलं."

मी फोन केला. तो अगदी नेहमीसारखा बोलला. "अरे, मार्केटच तसं आहे यार. तिथे आता सगळं बदललंय, प्रोफेशनल झालंय." मी साक्षीचं विचारलं. समन्स निघालं होतं. तो म्हणाला, "येतो ना. बघू."

तो आला. निळा कोट घालून, कंपनीच्या गाडीतून. मी कोर्टाच्या खोलीत मागच्या बाकावर बसलो होतो, म्हातारा आरोपींच्या जागी उभा होता. पहिले दोघं त्या दिवशी आले होते आणि त्यांना बसायला खुर्च्या दिल्या होत्या. सरकारी वकिलाने मित्राला विचारलं, त्या दिवशी तुम्ही कुठे होता. तो म्हणाला, घरी होतो. मग हा जबाब? तो म्हणाला, "इन्स्पेक्टर साहब हमारे फ़ैमिली फ़्रेंड हैं. उन्होंने लिखा, मैंने साइन कर दिया. पढ़ा नहीं था."

सरकारी वकिलाने त्याला फितूर जाहीर करून आणखी चार प्रश्न विचारले. त्यातला एक होता, हाताने म्हाताऱ्याकडे दाखवून, की या माणसाला तुम्ही ओळखता का. मित्राने वळून पाहिलं. नीट पाहिलं, घाईने नाही. "नहीं," तो म्हणाला.

म्हाताऱ्याला वाटलं की साहेबांची नजर कमी झाली असेल. त्याने चष्मा काढला, साफा जरा मागे सारला, आपला चेहरा दिसावा म्हणून, आणि म्हणाला, "साहबजी, मैं हूँ. पानी पिलाया था आपको." मॅजिस्ट्रेटने त्याला गप्प राहायला सांगितलं.

बाहेर पडताना मित्र माझ्या बाजूने गेला. थांबला नाही, पण हळू झाला. "मुलीची ॲडमिशन आहे रे यंदा," एवढंच म्हणाला. मला अजून कळलेलं नाही की त्याने ते का सांगितलं.

पुढचं सरळ होतं. फ्रीझर नोकरांच्या वापरातला होता, मालक तिथे राहतच नव्हता. रायफलीचा परवाना होता आणि ती त्या दिवशी बाहेर काढल्याचा पुरावा नव्हता. मांस आणि कातडं चिंकाऱ्याचंच हे प्रयोगशाळेने सांगितलं होतं, पण कुणी मारलं हे प्रयोगशाळा सांगत नाही. उरला म्हाताऱ्याचा जबाब. आमच्या सरकारी वकिलाने मला व्हरांड्यात समजावलं, फार शांतपणे, शाळेतल्या मुलाला समजवावं तसं. एका आरोपीचं म्हणणं दुसऱ्या आरोपीविरुद्ध एकटं टिकत नाही, त्याला बाहेरचा आधार लागतो. तो आधार आत्ता गाडीत बसून गेला. स्वतःविरुद्ध मात्र ते पूर्ण टिकतं. "गवाह बनाया होता," तो म्हणाला, "तो बात और थी."

एक आणि दोन पुराव्याअभावी सुटले. तीनला एक वर्षाची सक्तमजुरी.

म्हाताऱ्याला निकाल कळला नाही. त्याने पोलिसाला विचारलं, पोलिसाने सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता तो काहीतरी म्हणेल आणि मी ऐकून घेईन. पण त्याने नेहमीसारखे हात जोडले, कारण मी समोर होतो आणि त्याला तीच सवय होती.

त्या वर्षी आमच्या ऑफिसला पहिल्या अनुसूचीच्या केसमध्ये शिक्षा मिळवल्याबद्दल वरून पत्र आलं. माझ्या वार्षिक अहवालात 'उत्कृष्ट' असा शेरा पडला. तोपर्यंत जुने वरिष्ठ निवृत्त झाले होते. नव्यांनी ते पत्र माझ्या हातात देताना सगळ्यांना पेढे वाटायला लावले. मी सरोजिनी नगरच्या बाजारातून पेढे आणले आणि वाटले. नाही म्हणता आलं असतं. पण मग कारण सांगावं लागलं असतं.

एका ओळखीच्या वकिलाला गाठून मी म्हाताऱ्यासाठी अपील घालायला लावलं, माझं नाव कुठे येणार नाही अशा बेताने. अपील दाखल झालं. ते सुनावणीला येईपर्यंत त्याची शिक्षा भोगून झाली होती.

तो सुटल्यावर मी त्याच्या गावी गेलो. एकटा, सुट्टीच्या दिवशी. गावामागची टेकडी अर्धी खणलेली होती, बांधकामाला दगड नेत होते. म्हातारा अंगणात खाटेवर पडला होता. मला बघून उठून बसायला लागला, तर मी त्याला उठू दिलं नाही. त्याची बायको दारात आली, मी कोण ते पाहिलं आणि आत गेली. मी आणलेली फळं खाटेखाली ठेवली. काय बोलायचं ते बसमध्ये जुळवून आलो होतो. माफी मागायची होती. हिंदीत ती कशी मागावी हेच सुचेना. मराठीतही सुचलं नसतं.

मी एवढंच म्हणालो, "मैंने आपसे कहा था, सच बोलने वाले को कुछ नहीं होता."

तो म्हणाला, "आपने झूठ थोड़ी बोला था, साहब. आपको पता नहीं था."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर मी त्या ऐकून परत आलो असतो. पण त्याने मला समजून घेतलं आणि ते मला सहन झालं नाही. मला पता नहीं था हे खरंही नव्हतं. वरिष्ठांनी मला सांगितलं होतं. मी कलमं म्हणून दाखवली होती.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, कसे आहेत. मी म्हणालो, बरे आहेत. त्या वर्षी मी अर्ज करून विमानतळावरची ड्यूटी मागून घेतली. तिथे खोकी उघडायची, आत काय आहे ते लिहायचं, सही करायची. खोक्यांच्या मालकांशी बोलावं लागत नसे. निवृत्त होईपर्यंत मी तिथेच राहिलो.

मित्र एकदाच भेटला नंतर, मंडळातल्या एकाच्या मुलीच्या लग्नात. गुडगावातलाच हॉल होता. माझ्या बायकोने त्याला लांबून पाहिलं आणि ती बायकांच्या घोळक्यात निघून गेली. मी जेवणाच्या रांगेत होतो, तो ताट घेऊन माझ्या मागे येऊन उभा राहिला. केस पांढरे झाले होते, चेहरा भरला होता. इकडचं तिकडचं बोलला, पुण्याला परत जायचं म्हणतोय, वगैरे. मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं रे?"

"गेला," मी म्हणालो. "जेलमध्येच गेला."

म्हातारा तेव्हा जिवंत होता. नोकरीत कधी कागदावर खोटं लिहिलं नाही म्हणणारा मी, ते वाक्य न अडखळता बोललो. त्याच्या हातातलं ताट खाली ठेवलं जावं एवढीच माझी इच्छा होती.

त्याने डोळे मिटले. "अरे रे," म्हणाला. पुढच्या माणसाने भात वाढून घेतला, रांग सरकली आणि तोही माझ्याबरोबर सरकला. वाढप्याने विचारलं तेव्हा त्याने अळूची भाजी घेतली, जिलबी नको म्हणाला. मी दोन्ही घेतलं. आम्ही एकाच टेबलावर बसून जेवलो.